मराठी भावविश्लेषण : अचूकतेच्या टक्क्यामागील भाषा

आंतरजालावरील मराठी लेखनाचा ओघ वाढला, तसा हा मजकूर संगणकाकरवी वाचून घेण्याचा, म्हणजेच नैसर्गिक भाषा प्रक्रियेचा, विचार महाराष्ट्रात होऊ लागला. तिच्या शाखांपैकी भावविश्लेषण विशेष लोकप्रिय ठरले. एखादे विधान अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ, हे यंत्राने ठरवावे आणि अशा हजारो विधानांच्या बेरजेतून जनमताचा अंदाज बांधावा, अशी त्याची मांडणी असते. महाविद्यालयीन प्रकल्प-अहवालांत शेवटी अचूकतेचा एक टक्का दिला जातो व चर्चा तेथेच थांबते. वस्तुतः प्रश्न तेथून सुरू व्हावयास हवा : ही अचूकता कोणत्या मराठीची?

या क्षेत्रातील महत्त्वाचे काम पुण्यातील एल-थ्री-क्यूब गटाचे आहे. या गटाने २०२१ मध्ये ‘महासेंट’ हा सुमारे १६,००० ट्विट्सचा विदासंच सर्वांसाठी खुला केला. ज्या भाषेत असा मोठा संच उपलब्धच नव्हता, त्या भाषेत हे ऋण मोठे आहे आणि ते मान्य करूनच पुढील आक्षेप मांडावयाचे आहेत. हा संच महाराष्ट्रातील विविध नामवंत व्यक्तींच्या ट्विटर-खात्यांवरून घेतलेला आहे. सार्वजनिक जीवनातील व्यक्ती जाहीरपणे जे लिहिते, ते शुभेच्छा, अभिवादन, आवाहन आणि विरोधकांवरील टीका या ठरलेल्या घाटांत बसणारे असते. ‘पुण्यतिथीनिमित्त विनम्र अभिवादन’ या वाक्याची भावना कोणती? ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दुःख म्हणून प्रतिकूल, आदर म्हणून अनुकूल, की उपचार म्हणून तटस्थ? तिन्ही उत्तरांचे समर्थन करता येते. यंत्र शिकते ते माणसाने लावलेले लेबल, भावना नव्हे.

याच गटाने २०२३ मध्ये ‘महासेंट-एमडी’ सादर केला. त्यात चित्रपट-परीक्षणे, सर्वसाधारण ट्विट्स, दूरचित्रवाणी मालिकांची उपशीर्षके आणि राजकीय ट्विट्स अशा चार क्षेत्रांतील प्रत्येकी सुमारे १५,००० नमुने आहेत. एका क्षेत्रावर शिकवलेली प्रारूपे दुसऱ्या क्षेत्रावर तपासून बहुक्षेत्रीय विदेची गरज संशोधकांनी स्वतःच अधोरेखित केली, ही त्या कामाची सर्वांत मोलाची बाजू होय. आपल्या साधनाची मर्यादा स्वतः मोजणारे संशोधन अनुकरणीय असते. दुर्दैवाने अनुकरण होते ते बहुधा केवळ टक्क्यांचे.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. मजकूर प्रारूपापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याची मोडतोड होऊ शकते. सायकिट-लर्न या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनसंग्रहातील ‘काउंट-व्हेक्टरायझर’ मूळ मांडणीत वापरला, तर तो मात्रांना अक्षर मानत नाही. काना, वेलांटी, उकार यांपाशी तो शब्द तोडतो आणि उरलेले एकेकटे अक्षर टाकून देतो. परिणामी ‘मराठी’ या शब्दातून हाती लागते ते केवळ ‘मर’. हा विनोद नव्हे. इंग्रजीसाठी घडवलेल्या साधनाचे हे देवनागरीवरील नियमबद्ध वर्तन आहे. गुगलच्या २०१८ मधील बहुभाषिक ‘बर्ट’च्या ‘अनकेस्ड’ आवृत्तीतही उकार, मात्रा, अनुस्वार गळून पडतात. तेथे ‘खेळ’ आणि ‘खूळ’ दोन्ही ‘खळ’ होतात. ती आवृत्ती वापरू नये असे निर्मात्यांनीच सुचवलेले आहे. परंतु सूचनापत्र वाचण्याची सवय आपल्याकडे क्षीण आहे. युनिकोडमध्ये २००८ साली ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान मिळाले. मात्र ‘अ’वर चंद्र देऊन तोच वर्ण लिहिणारेही आहेत. वाचकाला दोन्ही रूपे एकच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ते दोन भिन्न शब्द ठरतात.

सामान्यरूप आणि शब्दयोगी अव्यये यांमुळे ‘घर’, ‘घराने’, ‘घरातला’, ‘घरातल्यांनासुद्धा’ अशी एकाच शब्दाची रूपे वाढत जातात, हे व्याकरणाच्या अध्यापकांस सांगावयास नको. नकाराची बाब त्याहून नाजूक आहे. वारंवारितेवर बेतलेल्या वर्ज्य शब्दांच्या यादीत ‘नाही’ सहज शिरतो. तो गाळला की ‘चित्रपट आवडला नाही’ हे वाक्य प्रशंसा ठरते. कोल्हापूरकडील ‘नाद खुळा’ ही दाद आहे, हे ‘खुळा’ या शब्दाचा कोशगत अर्थ पाहणाऱ्या यंत्रास कळत नाही. ‘वा! काय रस्ते आहेत!’ या उद्गारातील उपरोध तर पुष्कळदा माणसालाही संदर्भाविना उमगत नाही.

म्हणूनच अशा निष्कर्षांवरून ‘महाराष्ट्रातील जनतेचा कौल’ सांगितला जातो, तेव्हा सावध राहावे लागते. शेतकऱ्याची तक्रार उपरोधाने आलेली असेल आणि ती अनुकूल गणली गेली, तर हानी संख्याशास्त्राची नव्हे, त्या शेतकऱ्याची होते. मार्गदर्शक अध्यापकांनी प्रकल्प स्वीकारताना टक्क्यासोबत यंत्राने चुकीची वाचलेली किमान पन्नास वाक्ये परिशिष्टात मागावीत. लेबले किती व्यक्तींनी लावली, त्यांच्यात मतभेद किती होते आणि त्या कोणत्या भागातील मराठी बोलणाऱ्या होत्या, हेही नोंदवून घ्यावे. ती पन्नास वाक्ये तपासण्यासाठी संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मराठी विभागाचे दार ठोठवावे लागेल. बहुतेक महाविद्यालयांत तो विभाग एक जिना वर किंवा खाली असतो.