‘लास्ट चान्स यू’ : ज्युनियर कॉलेजच्या फुटबॉलपटूंचे मूल्य आणि मूल्यमापनाचा प्रश्न

प्रस्तावना

‘ज्युनियर कॉलेज’ हा शब्द महाराष्ट्रातील प्राध्यापकवर्गाला अकरावी-बारावीच्या वर्गांमुळे परिचित आहे. अमेरिकेत मात्र त्याचा अर्थ वेगळा आहे. तेथे शालेय शिक्षण बारावीला संपते आणि त्यानंतर पदवीची पहिली दोन वर्षे शिकविणाऱ्या संस्थेला ज्युनियर किंवा कम्युनिटी कॉलेज म्हटले जाते. इलिनॉय राज्यात १९०१ मध्ये स्थापन झालेले जोलिएट ज्युनियर कॉलेज हे या परंपरेतील आद्य सार्वजनिक महाविद्यालय मानले जाते. अल्प शुल्क, सर्वांना खुला प्रवेश आणि दोन वर्षांनंतर चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याची सोय ही या संस्थांची वैशिष्ट्ये होत. याच वाटेने दरवर्षी अनेक खेळाडू ज्युनियर कॉलेजमधून मोठ्या विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल संघांत दाखल होतात.

अशा खेळाडूंची भरती विद्यापीठाला कितपत लाभदायक ठरते, हा अमेरिकेतील क्रीडाचर्चेचा जुना विषय आहे. नेटफ्लिक्सवर २०१६ ते २०२० या काळात पाच पर्वांत प्रदर्शित झालेली ‘लास्ट चान्स यू’ ही ग्रेग व्हाइटली यांची माहितीपट-मालिका याच विषयाभोवती उभी आहे. भरतीच्या चर्चेत ‘मूल्य’ हा शब्द सतत येतो. परंतु ते मूल्य कोणाच्या दृष्टीने मोजले जाते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मालिका तो विचारते का, विचारत असल्यास कोठपर्यंत विचारते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भरतीचे गणित

मालिकेचे मूल्यमापन करण्यापूर्वी या भरतीमागील व्यवहार समजून घेणे अगत्याचे ठरते. अमेरिकेतील विद्यापीठीय क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने १९८३ मध्ये ‘प्रपोझिशन ४८’ हा नियम संमत केला व तो १९८६ पासून अमलात आला. शालेय परीक्षेतील किमान श्रेणी आणि प्रमाणित चाचणीतील किमान गुण नसलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी खेळण्यास त्याने मनाई केली. या नियमाचा सर्वाधिक फटका गरीब शाळांतून आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बसेल, असा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता. नियमांचे तपशील पुढे बदलत गेले. तथापि पात्रतेत न बसणाऱ्या खेळाडूला ज्युनियर कॉलेज हाच मार्ग उरला, ही वस्तुस्थिती दीर्घकाळ टिकली.

प्रशिक्षकाच्या दृष्टीने असा खेळाडू अनेक अर्थांनी सोयीचा असतो. तो वीस-एकवीस वर्षांचा, शरीराने पक्व असतो. शाळकरी मुलांऐवजी तुल्यबळ प्रतिस्पर्ध्यांसमोर तो कसा खेळतो, याचे चित्रीकरण उपलब्ध असते. संघातील एखादी जागा अचानक रिकामी झाली, तर ती तो लगेच भरून काढू शकतो. याउलट त्याच्याजवळ खेळण्यासाठी दोन-तीन वर्षेच शिल्लक असतात आणि शैक्षणिक अडचणीमुळे तो ऐनवेळी अपात्र ठरण्याची भीती असते. थोडक्यात, हा अल्प मुदतीचा व जोखमीचा, परंतु त्वरित फळ देणारा व्यवहार होय.

या व्यवहाराच्या यशाची उदाहरणे ठळक आहेत. कॅन्सस स्टेट विद्यापीठाचा संघ पाचशे पराभवांचा टप्पा गाठणारा प्रमुख विभागातील पहिला संघ म्हणून कुप्रसिद्ध होता. बिल स्नायडर यांनी १९८९ च्या हंगामापासून त्याची सूत्रे घेतली आणि आसपासच्या ज्युनियर कॉलेजांतून सातत्याने खेळाडू आणले. १९९८ मध्ये याच संघाने नियमित हंगामातील अकराही सामने जिंकले. त्याचा क्वार्टरबॅक मायकेल बिशप हा टेक्सासमधील ब्लिन कॉलेजमधून आलेला होता. त्याच ब्लिन कॉलेजला २००९ मध्ये ज्युनियर कॉलेजांचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा कॅम न्यूटन पुढील वर्षी ऑबर्न विद्यापीठात गेला. २०१० च्या हंगामात त्याला हाइझमन पारितोषिक आणि संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळाले. जॉर्जियाचा स्टेट्सन बेनेट २०१८ चा हंगाम मिसिसिपीतील एका ज्युनियर कॉलेजात खेळून स्वतःच्या विद्यापीठात परतला आणि २०२१ व २०२२ या दोन्ही हंगामांत त्याने संघाला अजिंक्यपद मिळवून दिले.

ॲरन रॉजर्सचे उदाहरण याहून अधिक बोलके आहे. शाळेनंतर त्याला एकाही मोठ्या विद्यापीठाने शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो घराजवळील ब्यूट कॉलेजमध्ये २००२ चा हंगाम खेळला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक जेफ टेडफर्ड त्या संघातील दुसऱ्याच एका खेळाडूची पारख करीत असताना त्यांची दृष्टी रॉजर्सवर पडली. म्हणजे ज्या भरतीव्यवस्थेला आपल्या पारखीचा अभिमान आहे, तिच्या हाती हा गुणी खेळाडू निव्वळ योगायोगाने लागला.

मात्र या उदाहरणांची एक मर्यादा आहे. ती सर्व पैलतीरी पोहोचलेल्यांची आहेत. मधल्या प्रवाहात जे राहिले त्यांची नावे कोणत्याही यादीत येत नाहीत. ‘लास्ट चान्स यू’चे पहिले महत्त्व असे की, तिने कॅमेरा त्या प्रवाहातच नेऊन ठेवला.

मैदान आणि सल्लागाराची खोली

पहिली दोन पर्वे मिसिसिपी राज्यातील स्कूबा या जेमतेम सातशे वस्तीच्या गावातील ईस्ट मिसिसिपी कम्युनिटी कॉलेजमध्ये चित्रित झाली आहेत. बडी स्टीफन्स यांच्या प्रशिक्षणाखाली या महाविद्यालयाने २०११, २०१३ व २०१४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. येथे आलेल्यांपैकी काही जण शालेय गुणांअभावी, तर काही मोठ्या विद्यापीठातून बाहेर पडल्यामुळे आलेले आहेत. जॉन फ्रँकलिन फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ सोडून आलेला आहे. टेक्सास टेक विद्यापीठाने दूर केलेला डकोटा ॲलन दुसऱ्या पर्वात भेटतो. फ्रँकलिन पुढे ऑबर्नला गेला. ॲलन टेक्सास टेकमध्ये परतला आणि २०१९ मध्ये व्यावसायिक संघात निवडला गेला.

मालिकेची रचना दोन स्थळांच्या ताणावर उभी आहे. एक मैदान आणि दुसरे शैक्षणिक सल्लागार ब्रिटनी वॅग्नर यांची खोली. मैदानावरील दृश्ये परिचित वळणाची आहेत : मंदगती चित्रण, चढते संगीत, प्रशिक्षकांचा आरडाओरडा. खरे नाट्य घडते ते सल्लागाराच्या खोलीत. विद्यार्थी वर्गात गेला का, निबंध दिला का, इतकेच नव्हे तर त्याच्याजवळ पेन्सिल आहे का, याची त्या पुनःपुन्हा चौकशी करतात. त्यांच्या या आस्थेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. महाविद्यालय सोडल्यानंतर त्यांनी स्वतःच्या संस्थेला ‘टेन थाउजंड पेन्सिल्स’ असे नाव दिले, हेही अर्थपूर्ण आहे.

परंतु ही आस्था ज्या चौकटीत काम करते, ती चौकट तपासणे आवश्यक आहे. एनसीएएच्या नियमानुसार तिसऱ्या वर्षात प्रवेश करणाऱ्या खेळाडूची पदवीच्या अभ्यासक्रमाची चाळीस टक्के पूर्तता झालेली असावी लागते. त्यामुळे विषयाची निवड करताना ‘काय शिकावेसे वाटते’ यापेक्षा ‘कशामुळे पात्रता टिकेल’ हा विचार प्रभावी ठरतो. पेन्सिल हाती आली तरी तिने काय लिहावयाचे, हे बाहेरच्या गरजेने ठरते. मालिका हा विरोध दाखविते, पण त्यावर थांबत नाही. विद्यार्थी उत्तीर्ण झाला की पुढचा सामना सुरू होतो, आणि उत्तीर्ण होणे म्हणजेच शिकणे, असा समज प्रेक्षकाच्या मनात न कळत रुजतो.

२०१५ च्या हंगामाच्या अखेरीस मिसिसिपी डेल्टा संघाबरोबरच्या सामन्यात मोठी हाणामारी झाली आणि ईस्ट मिसिसिपीचा संघ विजेतेपदाच्या स्पर्धेतून बाद झाला. क्रीडापटाच्या नेहमीच्या साच्यातील अंतिम विजय त्यामुळे मालिकेला लाभला नाही. कलाकृती म्हणून हे तिचे भाग्यच म्हणावे लागेल. विजयाचा आडोसा नाहीसा झाल्यामुळे दोन वर्षांच्या श्रमातून विद्यार्थ्याच्या पदरी काय पडले, हा प्रश्न उघडा पडतो. दुसऱ्या पर्वात स्टीफन्स पहिल्या पर्वातील स्वतःचे चित्र पाहून अस्वस्थ होतात व संयमाने वागण्याचा प्रयत्न करतात. निरीक्षण करणारा कॅमेरा निरीक्षितालाही बदलतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

इंडिपेंडन्स ते लेनी

तिसरे व चौथे पर्व कॅन्ससमधील इंडिपेंडन्स कम्युनिटी कॉलेजचे आहे. हे गाव ‘पिकनिक’ या नाटकासाठी १९५३ चे पुलित्झर पारितोषिक मिळविणारे नाटककार विल्यम इंज यांचे जन्मगाव असून त्यांच्या नावाचा नाट्यमहोत्सव हेच महाविद्यालय चालवीत आले आहे. परंतु मालिकेतील इंडिपेंडन्स म्हणजे प्रामुख्याने प्रशिक्षक जेसन ब्राउन यांचे शिवराळ साम्राज्य. २०१७ मध्ये यश मिळविणाऱ्या त्यांच्या संघाने २०१८ मध्ये दहापैकी दोनच सामने जिंकले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये, एका जर्मन खेळाडूला पाठविलेल्या आक्षेपार्ह संदेशानंतर, ब्राउन यांनी राजीनामा दिला. या पर्वांत मालिकेचा तोल ढळलेला दिसतो. प्रशिक्षकाचे व्यक्तिमत्त्व इतके रंजक ठरते की विद्यार्थी पार्श्वभूमीला जातात. इंग्रजीच्या अध्यापिका लटोन्या पिंकर्ड यांच्या वर्गातील प्रसंग मात्र याला अपवाद आहेत. तेथे खेळाडू स्वतःविषयी बोलतो, लिहितो, आणि काही क्षण तो कोणाच्याही यादीतील नाव राहत नाही.

कॅलिफोर्नियातील ओकलंड येथील लेनी कॉलेजवरील पाचवे पर्व या दृष्टीने सर्वांत परिपक्व आहे. कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजे क्रीडा-शिष्यवृत्ती देत नाहीत. त्यामुळे येथील खेळाडू नोकरी करतात, लांबून प्रवास करून येतात. एक जण तर मोटारीत झोपतो. घरभाडे, मूल, आजारपण हे सर्व संघाबरोबरच चालू असते. लेनीने २०१८ मध्ये राज्य विजेतेपद मिळविले होते. चित्रित झालेला २०१९ चा हंगाम तितका यशस्वी नाही. तरीही प्रशिक्षक जॉन बीम यांच्या वागण्यात खेळाडूचे पुढील आयुष्य हा विषय सतत उपस्थित असतो. याच बीम यांच्यावर १३ नोव्हेंबर २०२५ रोजी महाविद्यालयाच्या आवारात गोळी झाडली गेली व दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. हे ज्ञात असलेल्या प्रेक्षकाला हे पर्व आज वेगळ्या गांभीर्याने पाहावे लागते.

शीर्षकातील गृहीतक

मालिकेची सर्वांत मोठी उणीव तिच्या शीर्षकातच आहे. ‘अखेरची संधी’ ही दृष्टी वरून खाली पाहणाऱ्याची आहे. मोठ्या विद्यापीठातून घसरलेल्या खेळाडूसाठी ज्युनियर कॉलेज अखेरची संधी असेलही. परंतु परिसरातील सर्वसामान्य विद्यार्थ्यासाठी, दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गात बसणाऱ्यासाठी, ती पहिली आणि पुष्कळदा एकमेव संधी असते. असे विद्यार्थी मालिकेत फारसे दिसत नाहीत. ज्या संस्था लोकशाहीकरणाच्या हेतूने उभ्या राहिल्या, त्यांना मालिका मोठ्या विद्यापीठांच्या दुरुस्तीशाळेचे रूप देते. भरती करणाऱ्याची नजर टिपण्याचा दावा करता करता ती स्वतःच त्या नजरेने पाहू लागते.

मूल्याचा बदलता हिशेब

मालिका संपल्यानंतर हा हिशेब झपाट्याने बदलला. २०१८ मध्ये एनसीएएने खेळाडूंच्या विद्यापीठबदलासाठी ‘ट्रान्स्फर पोर्टल’ सुरू केले; २०२१ मध्ये एक वर्ष न थांबता विद्यापीठ बदलण्याची आणि स्वतःच्या नावावर उत्पन्न मिळविण्याची मुभा मिळाली. साहजिकच अनुभवी खेळाडू हवा असलेला प्रशिक्षक ज्युनियर कॉलेजऐवजी दुसऱ्या विद्यापीठाकडे वळू लागला.

याच काळात डिएगो पाविया या खेळाडूने वेगळाच प्रश्न उपस्थित केला. न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या दोन वर्षांच्या संस्थेतून न्यू मेक्सिको स्टेट व तेथून व्हँडरबिल्ट विद्यापीठात आलेल्या पावियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अग्रमानांकित अलाबामाला ४०-३५ असे पराभूत करण्यात प्रमुख वाटा उचलला. ज्युनियर कॉलेजमधील हंगाम एनसीएएच्या पात्रतेतून वजा करणे अन्याय्य असल्याचा दावा त्याने न्यायालयात केला. १८ डिसेंबर २०२४ रोजी त्याला अंतरिम दिलासा मिळाला आणि एनसीएएने अशाच स्थितीतील इतर खेळाडूंनाही एका वर्षाची सवलत दिली. २०२५ मध्ये व्हँडरबिल्टने इतिहासात प्रथमच एका हंगामात दहा विजय मिळविले व हाइझमन पारितोषिकाच्या मतदानात पाविया दुसरा आला.

या प्रकरणातील विसंगती मार्मिक आहे. प्रतिष्ठा, प्रसिद्धी आणि पैसा यांच्या वाटपात ज्युनियर कॉलेजचे वर्ष कमी प्रतीचे मानले जात होते; पात्रतेची वर्षे वजा करताना मात्र तेच वर्ष पूर्ण वर्ष म्हणून मोजले जात होते. खेळाडूला न्याय मागण्यासाठी आपण तेथे खेळलेला काळ हिशेबात धरू नका, असेच म्हणावे लागले. त्या काळात त्याने काय शिकले, हा मुद्दा दोन्ही बाजूंच्या हिशेबात गौणच राहिला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ज्युनियर कॉलेजमधून आलेल्या खेळाडूने संघाला सामने जिंकून दिले याविषयी दुमत नाही. कॅन्सस स्टेट आणि ऑबर्नचा इतिहास त्याची साक्ष देतो. परंतु हे मूल्य भरती करणाऱ्याच्या तराजूतील आहे. ‘लास्ट चान्स यू’ त्या तराजूसमोर दुसरा तराजू मांडते, मात्र तो हाती धरून ठेवत नाही. सल्लागाराच्या खोलीत, पिंकर्ड यांच्या वर्गात आणि लेनीच्या खेळाडूंच्या घरी ती थोर आहे. गुणफलकाकडे धावताना ती सामान्य होते.

अध्यापकांच्या दृष्टीने मालिकेचे महत्त्व येथेच आहे. एखाद्या संस्थेची किंमत तिच्या दारातून बाहेर गेलेल्यांना इतरत्र किती मागणी आली यावरून ठरू लागली, की दाराच्या आतील दोन वर्षे केवळ प्रतीक्षालय बनतात. ती दोन वर्षे स्वतःच्या बळावर अर्थपूर्ण असावीत, ही अपेक्षा खेळाडूच्या बाबतीतही सोडता येत नाही. कारण बहुसंख्य खेळाडूंसाठी फुटबॉल तेथेच संपतो, आणि त्यानंतर सोबत उरते ते शिक्षण.