बर्फावरील वाहनचालकाची दृष्टी : दृष्टिदोष-निवारणाच्या पर्यायांची चिकित्सा

प्रस्तावना

स्नोमोबाइल हे उत्तर अमेरिका, स्कॅन्डिनेव्हिया आणि रशियाचा उत्तर भाग येथील हिवाळ्याचे वाहन आहे. गुलमर्गला जाणाऱ्या आपल्याकडील पर्यटकांना ते 'स्नो-स्कूटर' या नावाने परिचित असते. पुढे दोन स्की, मागे फिरता रबरी पट्टा आणि वर उघड्यावर बसलेला चालक, असे त्याचे स्वरूप. ज्या चालकाला चष्मा लागतो त्याने कोणते साधन वापरावे, या प्रश्नावर उत्पादकांची माहितीपत्रके, नेत्रतज्ज्ञांचे सल्लापर लेख आणि हौशी चालकांची नियतकालिके यांतून बरेच लेखन झाले आहे. या लेखनाची मांडणी बहुधा एकाच साच्याची असते. चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि शस्त्रक्रिया असे तीन रकाने, प्रत्येकाखाली फायदे व तोटे आणि शेवटी नेत्रतज्ज्ञाचा सल्ला घेण्याची सूचना.

प्रस्तुत लेखात या लेखनाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यातील माहिती पुष्कळदा बरोबर असते. मोजपट्टी मात्र चुकीची असते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. 'कोणत्या साधनाने अधिक स्पष्ट व अधिक सोयीने दिसते?' हा दवाखान्यातील प्रश्न झाला. वस्तीपासून पन्नास किलोमीटर दूर, उणे तीस अंश तापमानात 'हे साधन निकामी झाले तर चालकाजवळ काय उरते?' हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

प्रश्नाचे गांभीर्य साध्या हिशेबाने लक्षात येते. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे 22 मीटर अंतर कापते. काचेवर दोन सेकंद बाष्प धरले तर चालक 44 मीटर अंतर जवळजवळ न पाहता पार करतो. उणे चार नंबर असलेल्या माणसाचा चष्मा पडला, तर त्याला फक्त 25 सेंटिमीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते. म्हणजे एका वितीपलीकडची वाट, झाड, कुंपणाची तार किंवा गोठलेल्या तळ्यावरील भेग त्याच्या लेखी धूसर असते.

चष्मा : काचेचा नव्हे, दवबिंदूचा प्रश्न

चष्म्याविषयीचे लेखन बहुतांशी बाष्प-प्रतिबंधक लेपाभोवती फिरते. वास्तविक हा प्रश्न लेपापेक्षा हवेच्या प्रवाहाचा आहे. उच्छ्वासातील उबदार, दमट हवा दवबिंदूखाली गेलेल्या काचेला लागली की तेथे बाष्प धरते आणि कडक थंडीत त्याचेच हिम होते. म्हणून हेल्मेटमध्ये नाक व तोंड वेगळे करणारा पडदा असणे, पुढची काच दुहेरी असणे आणि चष्म्यावरून घालता येणाऱ्या गॉगलला वायुवीजनाची छिद्रे असणे, या गोष्टींना लेपाहून अधिक महत्त्व आहे. गॉगलच्या आत बसवायच्या नंबरच्या भिंगांची शिफारस करताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. अशा भिंगामुळे बाष्प धरणारा आणखी एक पृष्ठभाग वाढतो, आणि तो पुसायला गॉगल काढावा लागतो.

विजेवर तापणारी पुढची काच हा या अडचणीवरील प्रभावी उपाय आहे. मात्र तिला वीज वाहनाकडून मिळते. यंत्र बंद पडले किंवा खोल बर्फात रुतले की ती तापायची थांबते. आणि फावड्याने बर्फ उपसताना चालकाला धाप लागते, वाऱ्याचा झोत नसतो, तेव्हाच बाष्प सर्वांत अधिक धरते. साधन नेमके गरजेच्या वेळी साथ सोडते, हा दोष फायद्या-तोट्यांच्या रकान्यात मावत नाही.

उजेडानुसार गडद होणाऱ्या भिंगांबाबतही असेच दिसते. ही भिंगे थंडीत अधिक गडद होतात आणि सावकाश निवळतात. उघड्या माळावरून दाट सूचिपर्णी अरण्यात शिरणाऱ्या चालकाला म्हणूनच काही काळ अंधारातून वाट काढावी लागते. उत्तरेकडील हिवाळ्यात दिवस लहान असतो आणि प्रवासाचा मोठा भाग संधिप्रकाशात किंवा रात्री होतो. ज्याला भिंगे बदलण्याची सोय नाही, त्याने गडद भिंग निवडताना याचा विचार केलाच पाहिजे.

कॉन्टॅक्ट लेन्स : डोळा आणि हात

थंडीत लेन्स डोळ्यावर गोठते, ही भीती निराधार आहे. अश्रू आणि पापण्यांखालील रक्तप्रवाह तिला उबदार ठेवतात. सल्लापर लेखनाने हा गैरसमज दूर केला, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. लेन्सला बाष्प धरत नाही, तिच्यामुळे कडेची दृष्टी झाकली जात नाही आणि तिच्यावरून कोणताही गॉगल घालता येतो. ज्याच्या डोळ्याला ती सोसते, त्याच्यासाठी तंदुरुस्त यंत्र आणि मोकळी वाट असताना हाच पर्याय उत्तम होय.

परंतु लेन्स डोळ्यात असते, तशी ती हाताने घालावी व काढावी लागते. वाहते पाणी नसलेल्या झोपडीत पेट्रोल-तेलाचे हात कसे धुवावेत, उघड्यावर ठेवलेले द्रावण गोठले तर काय करावे, कोरड्या वाऱ्याने चुरचुरणारी लेन्स हातमोजा काढून उणे तीसमध्ये कशी काढावी, हे प्रश्न बहुतेक लेखांत एखाद्या वाक्यात आटोपलेले असतात. रोज नवी वापरायची लेन्स आणि आतल्या खिशात चष्मा, अशी जोडी असेल तरच हा पर्याय पूर्ण होतो. चष्म्याशिवाय फक्त लेन्स घालून दूर जाणे हा पर्याय नसून जुगार आहे.

शस्त्रक्रिया : सुटकेचे आश्वासन

लेझर शस्त्रक्रियेविषयीच्या लेखनाचा सूर सुटकेचा असतो : चष्मा गेला, कटकट गेली. हे विधान अर्धे खरे आहे. चष्मा गेला तरी वारा, फांद्या आणि अतिनील किरण यांपासून रक्षणासाठी गॉगल लागतोच आणि त्यालाही बाष्प धरते. 'लेसिक'नंतर काही महिने डोळे कोरडे राहू शकतात, तर रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. या प्रक्रियेत पारपटलावर जी झडप केली जाते ती जोराच्या आघाताने सरकू शकते. 'पीआरके' या प्रकारात झडप नसते, परंतु त्यानंतरच्या काळात अतिनील किरण लागले तर पारपटलावर धूसरपणा येण्याचा धोका असतो. ताजे बर्फ अतिनील किरणांपैकी सुमारे 80 टक्के परावर्तित करते, हे ध्यानात घेता शस्त्रक्रिया हंगाम संपल्यावर करावी, हा सल्ला ठळकपणे द्यायला हवा. चाळिशीनंतरची वृद्धदृष्टिता या शस्त्रक्रियेने टळत नाही, हेही सांगायला हवे.

दवाखान्यातील यश आणि बर्फावरील यश यांतील अंतर दाखवणारे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मे 1996 मध्ये एव्हरेस्टवर गेलेले अमेरिकन डॉक्टर बेक वेदर्स यांच्या पारपटलावर पूर्वी अरीय छेदांची शस्त्रक्रिया झालेली होती. उंचीवर प्राणवायू कमी पडताच पारपटलाचा आकार बदलला, दृष्टी गेली आणि त्यांना वाटेतच थांबावे लागले. पुढे वादळात सापडून हिमदंशाने त्यांनी उजवा हात आणि डाव्या हाताची बोटे गमावली. ती शस्त्रक्रिया आता मागे पडली आहे आणि लेझर पद्धतींत असा बदल फार थोडा होतो. तरीही ती करून घेतलेली माणसे आज उतारवयात डोंगरांवर वाहने चालवत आहेत. 'आपली शस्त्रक्रिया कोणत्या प्रकारची?' हा प्रश्न त्यांच्यासाठी जुना झालेला नाही.

चालक कोण?

सर्वांत मोठी उणीव चालकाच्या गृहीत धरलेल्या चित्रात आहे. हा चालक सुटीच्या दिवशी फिरायला निघालेला, विमा असलेला, शहराजवळ राहणारा ग्राहक असतो. या वाहनाचा इतिहास मात्र वेगळा आहे. क्वेबेकमधील जोझेफ-आर्मां बोंबार्डिए यांचा लहान मुलगा 1934 च्या हिवाळ्यात, बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे रुग्णालयात पोहोचू न शकल्याने दगावला. 1937 मध्ये त्यांना बर्फावरील वाहनाच्या यंत्रणेचे पेटंट मिळाले. 1959 मध्ये हलके 'स्की-डू' बाजारात आले. पेर्टी पेल्टो यांच्या 'द स्नोमोबाइल रिव्होल्यूशन' (1973) या ग्रंथात फिनलंडमधील स्कोल्ट सामी रेनडिअरपालकांचे जीवन या यंत्राने कसे बदलले आणि त्यांना बाहेरच्या इंधनावर व रोख पैशावर कसे अवलंबून केले, याचे विवेचन आहे.

याच काळात उत्तरेत दुसरे स्थित्यंतर घडत होते. अलास्कातील बॅरो (2016 पासून उत्कियागविक) येथील कुटुंबांचा फ्रान्सिस यंग व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 1969 मध्ये प्रसिद्ध झाला. वडीलधाऱ्या पिढीत निकटदृष्टिता जवळजवळ नव्हती. शाळेत गेलेल्या तरुण पिढीत मात्र ती निम्म्याहून अधिक जणांत आढळली. म्हणजे कुत्र्यांची घसरगाडी सोडून यंत्रावर बसणारी आणि चष्मा लागणारी पिढी एकच होती. तिला वेगाची गरज आणि दूरचे न दिसणे यांना एकाच वेळी सामोरे जावे लागले. तिच्यासाठी स्नोमोबाइल हे शिकारीचे, कळपामागे जाण्याचे, दवाखाना गाठण्याचे साधन आहे. जवळ नेत्रतज्ज्ञ नाही आणि फुटलेले भिंग विमानाने येईपर्यंत थांबावे लागते, अशा वस्तीत 'तज्ज्ञाचा सल्ला घ्या' या वाक्याला कितीसा अर्थ उरतो?

याच लोकांच्या पूर्वजांनी हाडाचे, शिंगाचे, लाकडाचे अरुंद फट असलेले गॉगल बनवले होते. ती फट हिमांधत्व टाळते आणि दृष्टीतील धूसरपणाही काही अंशी कमी करते. त्यात बाष्प धरायला काचच नसते. कडेचे कमी दिसत असल्याने वेगवान वाहनासाठी ते पुरेसे नाहीत, हे खरे. परंतु निकामी होण्यासारखे त्यात काही नव्हते, हा गुण आजच्या लेखनाने मोजायला विसरू नये.

समारोप

वरील विवेचनावरून तिन्ही पर्याय टाकाऊ ठरत नाहीत. त्यांचा क्रम परिस्थितीनुसार बदलतो, एवढेच सिद्ध होते. पाणी आणि स्वच्छता उपलब्ध असेल तेथे रोजची लेन्स व सोबत चष्मा. नसेल तेथे न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट भिंगांचा चष्मा, श्वास वेगळा करणारे हेल्मेट आणि सुटा गॉगल. शस्त्रक्रिया करायचीच तर हंगामाबाहेर आणि गॉगल कायम ठेवून. प्रत्येक बाबतीत दुसरे साधन अंगावर, उबेत असले पाहिजे. पर्यायांची यादी देणाऱ्या लेखनाने पहिला रकाना 'निकामी झाल्यास' असा ठेवला, तर ते हौशी ग्राहकाच्या इतकेच दूरच्या वस्तीतील रेनडिअरपालकाच्याही उपयोगी पडेल.