आठवणीतला फेणे आणि हातातली प्रत

घाटंजीच्या आमच्या वाचनालयात 'फास्टर फेणे' मालिकेतले एक पुस्तक होते, त्याची शेवटची दोन पाने फाटलेली होती. कुणा वाचकाने वहीचा कागद चिकटवून त्यावर निळ्या शाईने गोष्टीचा शेवट लिहून ठेवला होता. शेवट बरा होता. चोर पकडला जाई आणि फेणे सायकलवर टांग मारून निघून जाई. पुढे नोकरी लागल्यावर मी त्याच पुस्तकाची नवी आवृत्ती विकत घेतली, तेव्हा कळले की मूळ शेवट निराळा आहे. त्या अज्ञात वाचकाने कुठे भर घातली आणि कुठे काय गाळले, हे दोन्ही पाने शेजारी ठेवून मी पाहू शकलो. दुसरी प्रत उपलब्ध होती म्हणूनच हे शक्य झाले.

याच फेणेवर ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली. सुमीत राघवन तेव्हा शाळा-कॉलेजच्या उंबरठ्यावरचा मुलगा, त्याने फेणे साकारला होता. आज पंचेचाळिशी-पन्नाशी ओलांडलेले वाचक एकत्र जमले की पुस्तकांवरून बोलणे या मालिकेवर येते आणि ठरलेला प्रश्न निघतो: ती पूर्ण कुठे मिळेल का? कॅसेटच्या काळात तो कॅसेटसाठी विचारला जाई, मग व्हीसीडीसाठी, मग डीव्हीडीसाठी. आता डीव्हीडी लावायचे यंत्रही घरात उरलेले नाही, तरी प्रश्न टिकून आहे. क्रमवार, पूर्ण, श्रेयनामावलीसह घरी ठेवावी अशी आवृत्ती आजवर माझ्या हाती आलेली नाही. या मागणीला आपण स्मरणरंजन म्हणून हसून सोडून देतो. माझ्या मते ती साहित्यसमीक्षेचीही मागणी आहे, आणि तसे मानले तर तिचे स्वरूपही थोडे बदलावे लागेल.

आधी माझ्या साक्षीची तपासणी करतो. मी त्या मालिकेचे दोन भाग पाहिले, तेही पुण्याला आत्याकडे सुट्टीत गेलो असताना. मुंबई केंद्राचा कार्यक्रम पुण्यात सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे स्वच्छ दिसे. घाटंजीत आमच्या आळीत एकच संच होता. उंच बांबूवर अँटिना, आणि पडद्यावर चित्रापेक्षा मुंग्या जास्त. त्या काळी देशभर उभ्या राहिलेल्या लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रांवरून मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम पुढे जाई; मुंबईचे मराठी कार्यक्रम राज्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांत सारखे पोचत नसत. त्यामुळे पुण्याहून परतलेला मी काही दिवस गावात मोठा माणूस झालो. वाघाडीच्या काठावर बसून मित्रांना ते दोन भाग सांगितले. दोनाचे चार कधी झाले ते मलाही कळले नाही.

परवा ताईशी बोलताना मी म्हणालो, "फेणेचा तो लाल शर्ट आठवतो?" ताई हसली. "अरे, आत्याकडचा टीव्ही काळापांढरा होता." चाळीस वर्षे जपलेला लाल शर्ट बहुधा एखाद्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून माझ्या डोक्यात आला असावा. मी हे प्रामाणिकपणे आठवत होतो, आणि चुकीचे आठवत होतो. अशा साक्षीवर कोणती समीक्षा उभी करायची?

आठवणीवर पाठ उभा करण्याचा प्रसंग मराठीला नवा नाही. आमच्याच वऱ्हाडात, रिद्धपूरला, तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाला विचारून गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे परचक्रात मूळ पोथी गेली, असे महानुभाव परंपरा सांगते. मग शिष्यांनी आपापल्या स्मरणातून ते पुन्हा उभे केले. म्हणून आज लीळाचरित्राचे एकाहून अधिक पाठ आहेत, आणि अभ्यासकांच्या पिढ्या ते ताडून पाहण्यात गेल्या. 1584 साली एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती तपासून शुद्ध पाठ सिद्ध केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 मध्ये सुरू झाले आणि 1966 पर्यंत चालले. पाठ म्हणजे काय, तो कसा बिघडतो, कसा सावरतो, हे ज्या भाषेला इतके नीट ठाऊक आहे, तिने आपल्या चित्रवाणीच्या पहिल्या पिढीबाबत मात्र ही जाणीव वापरलेली दिसत नाही.

याची कारणे व्यवहारी होती. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. चुंबकीय फीत महाग होती आणि तिचा एक गुण असा की जुने पुसून तिच्यावर नवे मुद्रित करता येई. कार्यक्रम म्हणजे दाखवला आणि संपला, अशीच तेव्हाची समजूत होती. दूरदर्शनचे सुरुवातीच्या काळातले बरेच कार्यक्रम असेच गेले. हे केवळ आपल्याकडेच झाले असे नाही. 'डॉक्टर हू' ही ब्रिटनची गाजलेली साहसमालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. बीबीसीने 1967 ते 1978 या काळात तिच्या फिती पुसल्या, आणि साठच्या दशकातल्या भागांपैकी नव्वदहून अधिक भागांची चित्रे नाहीशी झाली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढे घडले. काही रसिक प्रेक्षकांनी त्या काळी घरच्या ध्वनिमुद्रकावर मालिकेचा आवाज टिपून ठेवला होता. त्यामुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी शिल्लक राहिला, आणि त्यावर रेखाचित्रपट बेतून काही भाग पुन्हा प्रसिद्ध करता आले. परदेशांना विकलेल्या फिल्मप्रतीही शोधल्या गेल्या. 2013 साली नायजेरियातल्या जोस शहरी सापडलेले नऊ भाग जाहीर झाले. प्रेक्षकांच्या हट्टातून तिथे पाठसंशोधनाची एक शाखाच उभी राहिली.

आपल्याकडे जे घरी येऊ शकले ते बाजाराच्या बळावर आले. 'मालगुडी डेज' डीव्हीडीवर आले, 'व्योमकेश बक्षी' लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिले. 28 मार्च 2020 पासून टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा दाखवले गेले आणि सारा देश दूरदर्शनसमोर बसला. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातले बरेच काही चकत्यांवर आणि नंतर आंतरजालावर आणले. नोव्हेंबर 2024 मध्ये 'वेव्हज' हे स्वतःचे व्यासपीठही सुरू केले. हे काम स्वागतार्ह आहे. पण निवडीचा निकष ग्राहकसंख्या असेल, तर हिंदीतले महाकाव्य आधी येणार आणि मराठीतला सायकलवरचा पोरगा रांगेत शेवटी उभा राहणार.

मालिका नसल्याने समीक्षेचे नेमके काय अडते? भा. रा. भागवतांचा (1910–2001) फेणे आज तीन रूपांत आहे. पहिले पुस्तकांचे. फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला बनेश फेणे, त्याची सायकल, जिभेने काढलेला तो 'ट्टॉक'. भागवत हे जूल व्हर्नला मराठीत आणणारे लेखक. साहसकथेचे यंत्र कसे चालते ते त्यांना आतून ठाऊक होते. त्यांनी ते यंत्र ओळखीच्या जागी बसवले: प्रतापगडावर, गुलमर्गला, चक्रीवादळात. फेणेला शक्ती नाही, पैसा नाही. वेग आणि नाक खुपसण्याची सवय आहे, तेवढेच त्याचे भांडवल. तिसरे रूप 2017 च्या चित्रपटाचे. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित या चित्रपटात अमेय वाघचा फेणे मोठा झाला आहे, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आला आहे, आणि परीक्षेच्या गैरव्यवहाराशी झुंजतो. दिलीप प्रभावळकरांनी त्यात खुद्द भागवतांची भूमिका केली आहे.

शाळकरी फेणेचा तरुण फेणे झाला, निरागस कुतूहलाच्या जागी व्यवस्थेवरचा राग आला. हा बदल चित्रपटाचा की मधल्या काळाचा? हे ठरवायला दुसरे रूप, म्हणजे मालिका, समोर हवी. पुस्तकातला वेग भागवतांच्या वाक्यांत आहे: छोटी वाक्ये, मध्येच उद्गार, प्रकरण तोडण्याची जागा. कॅमेऱ्यापुढे तो वेग खरी सायकल, खरा रस्ता आणि धापा टाकणारा खरा मुलगा यांतून यावा लागतो. तो आला का? 'ट्टॉक' हा कागदावर अक्षरांनी लिहिलेला ध्वनी. प्रत्येक वाचक तो आपापल्या जिभेने काढत असे. नटाने एकदा तो काढला की तो ठरून जातो. ते बरे झाले की वाईट? शिवाय सायकलींचे पुणे तेव्हा शिल्लक होते. रस्त्यावर चित्रित झालेली कुठलीही चौकट आज नगराच्या इतिहासाचा कागद ठरेल. हे सारे प्रश्न चांगले आहेत आणि एकाचेही उत्तर मी दोन भागांच्या चाळीस वर्षे जुन्या आठवणीवरून देऊ नये.

कुणी म्हणेल, मालिका पाहिली आणि सामान्य निघाली तर? शक्य आहे. त्या काळचे तुटपुंजे खर्च, स्टुडिओतले पुठ्ठ्याचे रान, संवादांची घाई हे सगळे आता खटकू शकते. माझा लाल शर्ट तर नक्कीच राखाडी निघेल. पण अपेक्षाभंग हाही समीक्षेचा निष्कर्ष असतो. न पाहिलेल्या कलाकृतीला अभिजात म्हणत राहणे हा तिचा सन्मान नव्हे. तिला आपण वाईट ठरण्याचा हक्कही द्यायला हवा.

यात काळ आपल्या बाजूने नाही. फितीवरचे चुंबकीय कण ज्या थराने धरून ठेवलेले असतात, तो थर हवेतली आर्द्रता शोषून चिकट होतो. मग फीत यंत्रात अडकते, सोलते. जुन्या यू-मॅटिक किंवा बीटाकॅम फिती वाचणारी यंत्रे आता बनत नाहीत, ती दुरुस्त करणारे हातही कमी झाले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्र-ध्वनी संग्रहालयाने 2015 मध्येच इशारा दिला होता की फितीवरचे जे 2025 पर्यंत संगणकीय रूपात येणार नाही, ते बहुतांशी गेल्यात जमा धरावे. ती मुदत उलटली. दुसरीकडे आपला 1957 चा स्वामित्वहक्क कायदा चित्रकृतीला प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे संरक्षण देतो. 1987 साली प्रसारित झालेली कोणतीही मालिका त्यामुळे 2047 अखेर मुक्त होईल. तोपर्यंत फितीवर काही वाचण्याजोगे उरले नसेल, तर त्या मुक्तीचा कुणाला काय उपयोग? लेखकाचे वारस, निर्माता, वाहिनी, संगीतकार यांची संमती एकत्र करणे किचकट आहे, हे मान्य. पण प्रसिद्ध करण्याची परवानगी आणि जपून ठेवण्याची निकड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीसाठी दुसरी थांबवू नये.

पुस्तकांच्या बाबतीत हे शहाणपण आपण दाखवले आहे. 1954 च्या कायद्याने प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची असते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून चित्रपटांसाठी झटत आले. मराठी चित्रवाणीच्या प्रत्येक मालिकेची एक प्रत अमुक ठिकाणी ठेवलीच पाहिजे, असे बंधन मात्र नाही. म्हणून रसिकांनी मागणी करावी ती आधी सूचीची. कोणत्या मालिकेचे किती भाग झाले, कधी दाखवले, लेखन-दिग्दर्शन-छायाचित्रण कुणाचे, आणि आज त्यांतले काय, कुठे, कोणत्या अवस्थेत आहे, याची जाहीर यादी झाली पाहिजे. यादी झाली की काय गेले तेही कळेल, आणि शोध कुठे घ्यायचा हेही. विद्यापीठांच्या मराठी विभागांना हा विषय परका वाटू नये. हे हस्तलिखितांच्या सूचीचेच काम आहे. त्यानंतर घरगुती आवृत्ती यावी. ती झगमगीत नसली तरी चालेल, पण भाग पूर्ण असावेत, श्रेयनामावली कापलेली नसावी.

वाचकांकडेही एक काम आहे. ऐंशीच्या दशकात ज्यांच्या घरी व्हीसीआर होता, त्यांनी माळ्यावरच्या कॅसेटी एकदा खाली काढाव्यात. लग्नाच्या चित्रीकरणाच्या शेवटी, क्रिकेटच्या सामन्यानंतर, कुणीतरी एखादा भाग टिपलेला असू शकतो. पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नये. उभी, कोरड्या जागी ठेवावी, वरची चिठ्ठी फाडू नये, आणि जाणकाराकडूनच तिची प्रत करून घ्यावी.

घाटंजीतले माझे ते मित्र आता साठीकडे झुकले आहेत. कुणाची कापसाची शेती, कुणाचे दुकान. त्यांनी फेणे वाचला तो याच वाचनालयातून, आणि मालिका पाहिली ती माझ्या तोंडून. तिची आवृत्ती निघाली तर पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांना ती पुन्हा भेटेल. माझ्या मित्रांना ती पहिल्यांदाच दिसेल. मी नदीकाठी सांगितलेल्या चार भागांपैकी दोन खोटे होते, हेही त्यांना तेव्हाच कळेल. त्या दिवसाची मला थोडी धास्ती आहे, तरी तो यावा असे मनापासून वाटते.