दुकानं वाढली, पण कुलूप कुणाचं?

एक विधान बऱ्याचदा ऐकू येतं: पीसी गेम्सची ऑनलाइन दुकानं वाढली की स्पर्धा वाढते आणि कॉपी रोखणारं कुलूप, म्हणजे डीआरएम, आपोआप सैल होतं. पटण्यासारखं वाटतं ना? पण प्रबंधाचं गृहीतक म्हणून ते लंगडं आहे.

पहिली अडचण: स्पर्धा कशावर? स्टीम २००३ चं, गॉग २००८ चं. एपिकचं दुकान डिसेंबर २०१८ मध्ये उघडलं, ते मुख्यतः कमिशनवर भांडत. स्टीमचा नेहमीचा वाटा ३० टक्के, एपिकचा १२. हा फायदा गेम बनवणाऱ्याचा. गिऱ्हाइकाला फुकट गेम्स मिळाले. कुलूप मात्र तिथेच राहिलं.

दुसरी अडचण: कुलूप लावतं कोण? स्टीमचं स्वतःचं डीआरएम वापरायचं की नाही, हे गेम बनवणारा ठरवतो. २०१४ पासून दिसणारं डेनुवो हाही प्रकाशकाचाच निर्णय. गॉगवर मात्र 'कुलूप नको' हा दुकानाचाच नियम. म्हणजे निर्णय दोन वेगळ्या पातळ्यांवर होतात आणि आपण मोजतो फक्त दुकानांची संख्या!

मग तुलना कशी करायची? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) घ्या. तो स्टीमवरही आहे, गॉगवरही. गेम तोच, बनवणारे तेच, फरक फक्त दुकानाचा. अशा जोड्या उपयोगी पडतात. पण इथेही जपून: ज्यांना कुलूप सोडायला हरकत नाही, तेच गॉगवर येतात. नमुना आधीच चाळलेला असतो. या निवडीच्या पूर्वग्रहाबद्दल एक परिच्छेद लिहिलाच पाहिजे.

कायद्याचं काय? कॉपीराइट कायद्यात २०१२ ला कलम ६५अ आलं. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण हे कलम भारतात सगळ्या दुकानांना सारखंच लागू. जे सगळीकडे सारखं, त्याने दुकानांमधला फरक कसा समजणार?

माझ्या मते मोजायला हवी ती बाहेर पडण्याची किंमत. पूर्वी पनवेलच्या मुलाने लॅमिंग्टन रोडवरून आणलेली डिस्क खेळून झाली की मावसभावाला देता यायची. २०१५ पासून स्टीमवर रुपयांत भाव दिसतात, सेलमध्ये गेम स्वस्तही पडतो. पण खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. दहा वर्षांची खरेदी एकाच खात्यात अडकली, तर शेजारी नवं दुकान उघडून त्याला काय मिळालं?

म्हणून दुकानं मोजण्याआधी प्रत्येक गेमला तीन प्रश्न विचारा: नेट नसताना चालतो का? इन्स्टॉलर स्वतःकडे ठेवता येतो का? दुसऱ्याला देता येतो का? या उत्तरांचा तक्ता तयार झाला, की मग 'स्पर्धा' हा शब्द वापरा.