तबकडीवरचा प्रक्षेप

ऑनलाइन विकायला आलेलं एचएमटी 'जनता' दिसलं की मी किंमत नंतर बघतो, आधी तबकडीचा फोटो मोठा करून बघतो. मिनिटांच्या बारीक रेघा सगळीकडे सारख्या अंतरावर आहेत का? 'जनता'ची शिरोरेघ सरळ आहे की शाई फुटलीय? सेकंदकाटा त्या रेघांपर्यंत पोचतो का? बहुतेक वेळा निकाल लवकर लागतो. मशीन एचएमटीचं, केस भलत्याच मॉडेलची आणि तबकडी अलीकडे छापलेली. जाहिरातीत मात्र 'ओरिजिनल व्हिंटेज'.

अशा घड्याळांना परदेशी संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात आणि म्हणताना नाक मुरडतात. मला ते नाक मुरडणं अर्धंच पटतं. घाम आणि पावसाळी दमटपणा काचेच्या कडेनं आत शिरतो, तबकडीवर डाग पडतात, आकडे उडतात. ज्या काळात नवं घड्याळ घेणं ही चैन होती, तेव्हा गिऱ्हाईक घड्याळजीला सांगायचं, "तबकडी रंगवून द्या." भांड्यांना कल्हई करावी तसं. यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. मालकाला ठाऊक होतं, घड्याळजीला ठाऊक होतं आणि घड्याळ परत त्याच मनगटावर जायचं. आज तेच काम होतं ते तिऱ्हाइताला विकण्यासाठी, आणि केलेलं काम लपवून.

पाठचिकित्सेत मूळ संहितेत नंतर घुसलेल्या मजकुराला प्रक्षेप म्हणतात. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत असे श्लोक मुख्य पाठातून काढले, पण फेकून दिले नाहीत. ते तळटिपांत आणि परिशिष्टांत आहेत, कुठल्या हस्तलिखितांत सापडले त्या नोंदीसकट. माझी घड्याळांकडून अपेक्षा एवढीच आहे. बदल करा, पण तो वाचता आला पाहिजे.

याच कसोटीवर मला घड्याळदुरुस्तीचे व्हिडिओ खटकतात. मी ते शेकड्यांनी पाहिलेत, बरंचसं त्यांच्यावरूनच शिकलो, तेव्हा हे कृतघ्नपणाचं वाटेल. पण प्रकार ठरलेला आहे. गंजलेलं घड्याळ, हातमोजे, चिमटा, निःशब्द स्क्रू काढणं, अल्ट्रासॉनिक यंत्रातली आंघोळ, शेवटी बॅलन्स व्हील एकदम जिवंत होतं आणि आपल्याला भरून येतं. कॅमेऱ्यातून गायब असतं ते चिमट्यातून उडालेली स्प्रिंग शोधत फरशीवर घालवलेली संध्याकाळ. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसरं घड्याळ, ज्याचं पोट फाडून सुटा भाग आणला ते. एक वाचवायला एक मारावं लागलं, हे क्वचितच कुणी दाखवतं.

एचएमटीच्या बाबतीत हा हिशेब गंभीर आहे. 1961 मध्ये सिटिझनच्या सहकार्यानं बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात झाली आणि 2016 मध्ये सरकारनं एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. जुन्या 'जनता'तली ती चावीची मशीनं आता जेवढी आहेत तेवढीच. गुलाबी तबकडीचं एक चकचकीत 'जनता' तयार करायला दोन-तीन घड्याळं मोडली जातात. तबकडी नवी छापता येते, बॅलन्स व्हीलचा दांडा घरी छापता येत नाही.

म्हणूनच सेइको मॉड करणाऱ्यांची लोक जेवढी टिंगल करतात तेवढी मला करवत नाही. एनएच35 हे मशीन आजही नवं विकत मिळतं. त्यावर हवी ती तबकडी, काटे, नीलम-काच लावा, कुठलंही जुनं घड्याळ मरत नाही. सौंदर्य म्हणून बघाल तर त्यातली निम्मी घड्याळं सारखीच दिसतात, 'माझं वेगळं' म्हणून सगळ्यांनी एकाच चारपाच दुकानांतून भाग मागवल्यासारखी. पण ती खोटं बोलत नाहीत. बघताक्षणी कळतं की हे कुणीतरी हौसेनं जोडलंय. मीही तसंच एक जोडलं. तासाला 21,600 ठोके, म्हणजे सेकंदाला सहा. छान चालतं. त्याबद्दल सांगण्यासारखं आणखी काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते दुसऱ्या घड्याळाबद्दल. आजोबांचं 'जनता', आजीच्या वडलांनी लग्नात दिलेलं. दोन वर्षांपूर्वी मी ते उघडलं. मशीन पूर्ण खोललं, धुतलं, तेल दिलं, पुन्हा बसवलं. सेकंदाला पाच ठोके पडू लागले तेव्हा माझे हात थरथरत होते. मग तबकडीवरचा पिवळट थर बघून मला राहवलं नाही. कापसाची काडी जराशी ओली करून अगदी हलकेच फिरवली. थर निघाला आणि त्याबरोबर 'न' निघाला.

आजीला दाखवलं. ती चष्मा कपाळावर सारून बराच वेळ बघत राहिली. "चालतंय ना?" म्हणाली. मी म्हटलं, चालतंय. "मग नाव कशाला पुसलंस?"

नवी छापील तबकडी मिळत होती, फार महाग नव्हती. मागवली, आली, हातात धरून बघितली. आजोबांच्या घड्याळावर कधी नव्हतं इतकं स्वच्छ 'जनता' त्यावर होतं. ती बसवली असती तर आजीला बरं वाटलं असतं कदाचित. आणि पन्नास रुपड्यांच्या त्या फोटोंमधल्या घड्याळांवर मी जो आरोप करतो तो मला स्वतःवर करावा लागला असता. ती तबकडी अजून खणात आहे. घड्याळावर 'ज ता' आहे.

मागचं झाकण उघडलं तेव्हा आतल्या बाजूला सुईनं कोरलेल्या बारीक खुणा दिसल्या होत्या. जुने घड्याळजी दुरुस्ती केली की झाकणात अशी खूण करून ठेवत, कुणी तारीख, कुणी फक्त स्वतःला कळेल असं चिन्ह. आम्ही कोडमध्ये बदल केला की कमिटमध्ये नोंद टाकतो, तसंच. या झाकणात तीन वेगवेगळ्या हातांच्या खुणा आहेत, त्यातली एक मला अजून लागलेली नाही. त्यांच्याखाली मी चौथी कोरली: महिना, वर्ष आणि 'न गेला'. अक्षर वाकडं आलंय.