ग्रे कापडाचा बहुरूपी

भिवंडीच्या यंत्रमागांवरून उतरतं ते बहुतेक ग्रे कापड. न रंगवलेलं, न छापलेलं. त्याचं पुढे काय व्हायचं ते रंगाई-छपाईत ठरतं. ‘हिटमॅन’ या व्हिडिओ गेम मालिकेचा एजंट ४७ मला तसाच वाटतो. प्रयोगशाळेत घडवलेला मारेकरी, नावाऐवजी आकडा, तुळतुळीत डोक्यामागे बारकोड. डेन्मार्कच्या आयओ इंटरॅक्टिव्हने २००० साली त्याला आणलं. खेळ पुढे कितीदा बदलला, पण हे सूत तेच राहिलं.

त्याची कला बहुरूप्याची. अंधारापेक्षा दुसऱ्याच्या कपड्यांतच तो जास्त लपतो. म्हणून वेशाचा नियम हलला की अख्खा खेळ हलतो. मालिकेतल्या २०१२च्या ‘ॲब्सोल्यूशन’ या भागात पोलिसाचा वेश घेतला की जवळ आलेला प्रत्येक पोलीस संशय घेई. त्यात वाट आखून दिलेली आणि गोष्ट भावनांनी ओथंबलेली. ग्रे कापडावर कुणी पक्की छपाईच करून टाकली होती. २०१६च्या भागात नियम सुधारला. आता वेशामागचा माणूस मोजक्यांनाच ओळखू येतो. कारखान्यातही असंच असतं. बदलीवर कोण आलंय याची शेजारच्याला फिकीर नसते, मुकादमाला असते.

या नियमाची खरी लज्जत २०१८च्या ‘हिटमॅन २’मधल्या मुंबईत आहे. सावजं तीन. उंच टॉवरातला दाऊद रंगन आणि रेल्वे यार्डात राणीसारखी राहणारी वान्या शाह सापडतात. तिसरा वझीर काळे मात्र वस्तीत मोकळा फिरतो आणि त्याचा चेहराच कुणाला ठाऊक नाही. अठरा वर्षं ज्याचा चेहरा आपल्याला पाठ, तो बिनचेहऱ्याच्या माणसाला शोधत हिंडतो! गर्दीत विरघळून जाण्याची सोयही याच भागात आली, आणि ती मुंबईइतकी कुठे शोभणार? एकच खटकतं, ही गर्दी इंग्रजीत बोलते.

पण वेश निवडलेत ते दाद द्यावी असे. वान्याकडे जायला शिंप्याचा, काळेसाठी न्हाव्याचा. टेप आणि वस्तरा हाती असलेल्या माणसापुढे आपण अंग निर्धास्त सोडून देतो. ४७ घालतो तो नुसता कपडा नव्हे, त्या धंद्यावरचा विश्वास.

खुर्चीतल्या माणसाला दिसतो तो न्हावी. त्या न्हाव्याच्या डोक्यामागचा बारकोड फक्त आपल्याला दिसतो.