गणवेश एक, मालक दोन

मंडळी, नियम आहे की नाही, हा आजचा प्रश्नच नाही. नियम आहे आणि चांगला कडक आहे. तो कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केला होता आणि आज कोणाला लावायचाय, ते आपण बघू.

जून 2025 मध्ये अमेरिकन लष्कराने चार तंत्रज्ञांना राखीव दलात थेट लेफ्टनंट कर्नल केलं. पलँटिरचे श्याम शंकर, मेटाचे अँड्र्यू बॉसवर्थ, ओपनएआयचे केव्हिन वील आणि पूर्वी ओपनएआयमध्ये असलेले बॉब मॅकग्रू. तुकडीचं नाव डिटॅचमेंट 201. नोकरी सोडायची त्यांना गरज नव्हती; नोकरी सांभाळून गणवेश, हीच तर राखीव दलाची मूळ कल्पना.

मग हितसंबंधांचं काय? अमेरिकेच्या फौजदारी कायद्यातलं 1962 सालचं कलम 208 सांगतं: ज्या विशिष्ट प्रकरणात आपला किंवा आपल्या मालक कंपनीचा पैसा गुंतलाय, त्यात सरकारी अधिकाऱ्याने भाग घ्यायचा नाही. निर्णय तर सोडाच, सल्लाही द्यायचा नाही. जाणूनबुजून मोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. प्रशिक्षणापुरता सेवेत आलेला राखीव अधिकारीही यातून सुटत नाही.

हा नियम दंतवैद्याला, बँकेतल्या माणसाला नीट बसतो. समजा, मेजरसाहेबांची बँक लष्कराकडे काही काम मागायला आली. साहेब बैठकीतून उठून जातात, बाकी काम चालू राहतं. या चौघांना मात्र घेतलंय तेच त्यांच्या धंद्यातल्या जाणकारीसाठी. संबंध येईल त्या प्रत्येक बैठकीतून ते उठले, तर बसायला बैठक उरणार कोणती?

लष्कराचं म्हणणं, आपापल्या कंपनीच्या कामात ते पडणार नाहीत. ठीक. पण 'विशिष्ट प्रकरण' हा शब्द नीट बघा. निविदा आणि करार त्यात येतात. सैन्याने कृत्रिम बुद्धिमत्ता कशी वापरावी, ही व्यापक चर्चा सहसा येत नाही. आणि मागणी तर त्या चर्चेतच आकार घेते, निविदा निघण्याच्या कितीतरी आधी. ऑगस्ट 2025 मध्ये लष्कराने पलँटिरशी दहा वर्षांत 10 अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकणारा करार जाहीर केला. त्यात शंकर यांचा हात होता असं आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा आमच्यापुढे नाही. पण हात नव्हता, हे सामान्य करदात्याने तपासायचं कसं?

लष्कराला हे ज्ञान हवंच, हा युक्तिवाद आम्हाला मान्य आहे. पण त्यासाठी बिनगणवेशाची वाट आधीपासून आहे. सरकारी सल्लागार समित्यांसाठी 1972 चा कायदा आहे: सभा सहसा खुल्या, इतिवृत्त नोंदलेलं. डिफेन्स इनोव्हेशन बोर्ड 2016 मध्ये त्याच चौकटीत सुरू झालं होतं. तोच सल्ला गणवेशातून आला की त्याला हुद्दा मिळतो आणि ही खुली खिडकी बंद होते.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: हे अधिकारी कोणत्या विषयांतून बाजूला झाले, त्याची यादी लष्कराने वेळच्या वेळी प्रसिद्ध करावी. ते जमत नसेल, तर सल्ला साध्या कपड्यांत घ्यावा.